नाव, गाव, घाव

नाव हरिचंद्र आणि धंदा खोटं लिहून द्यायचा! यावरून त्याची थट्टा केली नाही असा माणूस उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात शोधून सापडला नसता. तोही बिचारा हसून घ्यायचा. शाळेसमोर दहा बाय आठचं दुकान आणि वर पाटी: झेरॉक्स, टायपिंग, प्रोजेक्ट, निबंध, भाषणे लिहून मिळतील. भाषणांची मागणी बारमाही. निरोप समारंभ असो की कुणाची एकसष्टी, लोक हरिचंद्रकडेच यायचे. पण खरा हंगाम वक्तृत्व स्पर्धांचा, आणि त्या स्पर्धांचा विषय म्हणाल तर पिढ्यान्पिढ्या एकच. आधी टीव्ही शाप की वरदान होतं, मग मोबाइल शाप की वरदान झालं, आता इंटरनेट. यंत्रं बदलली, पण विषय काढणाऱ्यांनी डोकं काही बदललं नाही.

हरिचंद्र दोन्ही बाजू लिहायचा. एकाच स्पर्धेत शाप म्हणणाऱ्या मुलीच्या हातातही त्याचं भाषण आणि वरदान म्हणणाऱ्या मुलाच्या हातातही त्याचंच. वकीलसुद्धा एका खटल्यात एकाच बाजूने उभा राहतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण वीस वर्षांत एक गोष्ट त्याच्या पक्की ध्यानात आली होती, की वरदानाला बक्षीस मिळत नाही. वरदानाच्या बाजूला आकडे असतात, शापाच्या बाजूला मढं असतं. आकड्यांसाठी कोण रडतंय?

त्याचं एक सूत्र होतं: नाव, गाव, घाव. भाषणाच्या पहिल्या मिनिटात माणसाचं नाव आलं पाहिजे, दुसऱ्या मिनिटात ऐकणाऱ्याच्या ओळखीचं गाव, आणि तिसऱ्यात घाव बसला पाहिजे. ‘संशोधनातून असे सिद्ध झाले आहे’ म्हणालात की परीक्षक पाण्याची बाटली शोधायला लागतो. ‘आमच्या आळीतली एक मुलगी’ म्हणालात की तोच परीक्षक मान वर करतो. आणि घाव म्हणजे रडारड नव्हे बरं का. एखादी बारीकशी गोष्ट, जी ऐकणाऱ्याच्याही घरात असते. उशीखाली ठेवलेला फोन. जेवताना ताटाकडे न बघणारी पोर. ऐकणारा आपल्या घरात डोकावतो, त्याला ते दिसतं, तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पुढचं सगळं खरं धरून चालतो. ही धंद्यातली मेख हरिचंद्र कुणाला सांगायचा नाही.

दिवाळीनंतर शीला मॅडम दुकानात आल्या. अंबरनाथच्या एका ज्युनियर कॉलेजात त्या मराठी शिकवायच्या आणि दर वर्षी एक तरी भाषण न्यायच्या. या वेळी त्यांची नेत्रा नावाची विद्यार्थिनी उतरणार होती. पोरीचा आवाज काळजाला हात घालणारा, बाजू शापाची.

“हरिचंद्र, यंदा नियम नवीन आहे,” मॅडम म्हणाल्या. “स्थानिक आणि सत्य उदाहरणाला दहा मार्क.”

“सत्यच पाहिजे?”

मॅडमनी चष्मा पुसला. “सत्य वाटलं पाहिजे. परीक्षक काय घरी जाऊन बघणार आहेत?”

झालं! एका दुपारीत हरिचंद्रने पोरगी तयार केली. तिचं नाव ठेवलं जाई. गाव बदलापूरजवळचं, नाव न घेता, पण नदी, भातशेती, नव्या बिल्डिंगा सगळं घालून. जाईच्या फोनमध्ये एक अनोळखी मित्र येतो, गोड बोलतो, आणि एका रविवारी जाई घरातून निघून जाते. ‘आईला रोज फोन यायचा. मी मजेत आहे, जाई म्हणायची. तिच्या मागे फक्त एक भिंत दिसायची. ती भिंत कुठली, हे आईने कधी विचारलं नाही.’ पुढे एकदा आईच फोन लावते आणि जाई त्या रात्रीच घर बदलते, असंही घातलं; हे सगळं लिहून तो स्वतःवरच खूश झाला.

आता आई कोण करायची? धुणीभांडी करणारी नको, ती सगळेच करतात. शिक्षिका नको, शीला मॅडमना राग यायचा. विचार करता करता त्याला लहानपण आठवलं आणि त्याने लिहून टाकलं: आई धवलारीण.

आगऱ्यांच्या लग्नात मांडव घातल्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत एकेक विधी गाण्याने पार पाडणारी बाई ती धवलारीण. तिने गायल्याशिवाय लग्न लागलं असं जुनी माणसं मानत नसत. हरिचंद्र स्वतः बदलापूरलगतच्या कुळगावचा आगरी. त्याच्या लहानपणी त्याच्या आळीतच दोन धवलारणी होत्या. मग जमीन बिल्डरला गेली, बाप बिऱ्हाड घेऊन उल्हासनगरला आला, आणि हरिचंद्रच्या डोक्यात गाव होतं तसंच राहिलं. त्याला वाटलं, असतील की गावोगाव. अहो, कसल्या असतील! हळदीला डीजे आला आणि त्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. त्या अख्ख्या पट्ट्यात आता गाणारी एकच उरली होती, कुळगावची पुतळाबाई. विधवा बाई, आणि तिला एकच मुलगी, रिद्धी.

हे हरिचंद्रला माहीत नव्हतं का? पुतळाबाईला तो ओळखत होता, लांबच्या नात्याने काकी म्हणायचा. पण ती शेवटची आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने शेवटचं वाक्य लिहिलं: ‘त्या माउलीने शंभर घरच्या लेकी गाणं गाऊन सासरी पाठवल्या, आणि तिची स्वतःची लेक मात्र कुणीही न गाता गेली.’ प्रिंट काढताना त्याच्याच अंगावर काटा आला.

स्पर्धा अंबरनाथला शिवमंदिराकडच्या एका हॉलमध्ये होती. हरिचंद्र शेवटच्या रांगेत जाऊन बसला, जसा तो नेहमी बसायचा. नेत्राने शेवटचं वाक्य म्हटलं. तशी पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन रडली. वरदानाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलाचंही भाषण हरिचंद्रचंच. त्यात फोनवर कोर्स शोधून शिकायला गेलेल्या एका मुलीचं उदाहरण होतं, ते कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नाही. नेत्रा पहिली आली.

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. इंटरनेटला शिव्या देणारं भाषण इंटरनेटवर चढलं आणि चढतच गेलं. चौथ्या दिवशी शेजारचा पडद्यांच्या कापडाचा सिंधी दुकानदार आपला फोन नाचवत आला. “अरे साईं हरी, तेरी वो लड़की तो मेरी साली के पास इंदौर पहुँच गई! घर में सब रो रहे हैं।” हरिचंद्रने त्याला चहा पाजला. दोन लाख लोकांनी पाहिलं होतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना तो खाली कमेंटी वाचत बसायचा. रडणाऱ्या बाहुल्या, जोडलेले हात, ‘आजच मुलीचा फोन तपासला’, ‘डोळे उघडले सर’.

त्यांतच एक कमेंट होती: ‘ही कुळगावची केस ना?’

खाली दुसरी: ‘धवलारीण म्हणजे पुतळाबाई. दुसरी आहेच कोण?’

आणि तिसरी: ‘तिची मुलगी गणपतीनंतर दिसलेली नाही.’

संध्याकाळपर्यंत कुणीतरी रिद्धीचा फोटोही टाकला. कुठल्याशा हळदीत काढलेला, पिवळी साडी, हसरा चेहरा, बाजूला आई. फोटोखाली लिहिलं होतं, हीच ती जाई.

 कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती! हरिचंद्रने लगेच कुळगावच्या संतोषला फोन लावला. संतोष त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गावात हार्डवेअरचं दुकान चालवणारा. नेत्राचं भाषण कुणी लिहिलंय हे त्याला ठाऊक होतं.

“रिद्धी कुठेय रे?”

“काकी म्हणते मामाकडे, पेणला. पण लोकांनी मामाला फोन केला. मामा म्हणतो, इथे कुठे आलीय?” संतोषने आवाज खाली आणला. “मग काकीने खरं सांगितलं. पोरगी नाशिकला शिकते. दातांच्या कवळ्या बनवायचा कोर्स. फोनवर जाहिरात बघितली आणि गेली. एकटी राहते म्हटल्यावर भावकी बोंब मारील, म्हणून मामाचं नाव सांगितलं होतं. पण आता ऐकतंय कोण? लोक हसतायत. कवळ्या म्हणे! पळून गेलेली पोरगी कवळ्या बनवते! आणि तुझं भाषण फिरतंय घराघरात. तीन घरांनी लग्नाची गाणी काढून घेतली काकीकडून. जिची स्वतःची लेक अशी गेली, तिने आमच्या पोरीला हळद गायची कशी, म्हणतात.”

“अरे, पण जाई कुणीच नाही. मी बनवलीय ती.”

“मग सांग ना तसं!”

सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, त्याच फोनवरून, घसा फोडून सांगायला हवं होतं. पण नेत्राची पुढची फेरी आठवड्यावर होती. उदाहरण खोटं म्हटलं की दहा मार्क गेले, बक्षीस गेलं, शीला मॅडम तोंडघशी पडल्या. हे एक कारण. दुसरं कारण त्याने बायकोलाही सांगितलं नाही. वीस वर्षं तो दुसऱ्यांच्या तोंडातून बोलत होता, आणि आता पहिल्यांदा दोन लाख माणसं त्याच्या वाक्याला रडत होती. ते वाक्य खोटं आहे असं म्हणायला त्याची जीभ रेटेना. लाज वाटायला हवी होती मेल्याला! त्याने व्हिडिओखाली नुसतं लिहिलं, ‘कृपया कुणाच्याही नावाने अफवा पसरवू नये.’

त्यावर लगेच उत्तर आलं: ‘म्हणजे काहीतरी आहेच.’

चार दिवस तो असाच आज लिहीन, उद्या लिहीन करत राहिला. तेवढ्यात संतोषने आणखी एक बातमी दिली. रिद्धीच्या चुलत भावाने, भूपेशने, काकीच्या अंगणात उभं राहून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, की पोरगी सापडू दे, तिचे पाय कसे राहतात बघतो. भूपेश काही नुसता तोंडाळ नव्हता. गेल्या वर्षी जत्रेत त्याने एकाचा हात मोडला होता, तेव्हा मध्ये पडायची कुणाची हिंमत झाली नव्हती.

त्या दिवशी हरिचंद्रने शेवटी लिहिलं. सरळ, साधं, आपल्या नावानिशी: ‘हे भाषण मी लिहिलं आहे. जाई नावाची मुलगी नाही. ही गोष्ट कल्पित आहे. पुतळाबाई आणि त्यांच्या मुलीचा तिच्याशी काहीही संबंध नाही. चूक माझी आहे.’

लिहून झाल्यावर त्याने ते पुन्हा वाचलं आणि धंद्यातला माणूस म्हणून त्याला आतून कळलं, की हे चालायचं नाही. यात नाव होतं, पण लोकांच्या मनात दुसरंच नाव बसलेलं. यात घाव कुठेच नव्हता. आणि झालंही तसंच. पहिल्या तासात चाळीस उत्तरं. ‘सर मोठ्या मनाचे आहेत, मुलीची अब्रू झाकतायत.’ ‘किती प्रेशर आलं सर?’ ‘असं डोळ्यात पाणी आणणारं खोटं असू शकतं का?’ एकाने तर लिहिलं, ‘खोटं असेल तर पहिलं बक्षीस मिळालं कसं?’ बुंद से गयी वो हौद से नही आती, म्हणतात ते उगाच नाही. जितका तो नाही म्हणत गेला, तितकी जाई खरी होत गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी साडेदहाला तो शटर उघडत असताना संतोषचा फोन आला.

“भूपेश नाशिकला निघाला. आठला. बरोबर दोघं जण आहेत, गाडी त्याचीच.”

“काय म्हणाला जाताना?”

“म्हणाला, चालत आली तर चालत, नाहीतर उचलून.”

हरिचंद्रने भूपेशचा नंबर घेतला आणि तिथेच अर्ध्या उघड्या शटरखाली उभं राहून लावला. मागे गाडीत गाणी वाजत होती.

“भूपेश, मी हरिचंद्र. हरीकाका. ते भाषण मी लिहिलंय रे बाबा. सगळं मनाने लिहिलंय. रिद्धी पळालेली नाही, शिकायला गेलीय. परत फिर.”

गाणी बंद झाली. भूपेश बोलला तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता, उलट आदर होता. “काका, तुमचं भाषण मी आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना ऐकवलं. आमच्या घरात सगळ्या पोरींचे फोन काढून घेतले त्याच दिवशी. एकदम बरोबर लिहिलंय तुम्ही. आता टेन्शन घेऊ नका, तुमच्यावर कोण येणार नाय, मी आहे ना.”

“अरे, मी सांगतोय ते ऐक...”

“ऐकतो ना. काकीने थांब बोललं तर इथनं गाडी फिरवतो, आईशप्पथ. पण पत्ता काकीनेच दिलाय, काका.” फोन बंद झाला.

हरिचंद्रने शटर तसंच टाकलं आणि स्कूटर काढली. अंबरनाथ ओलांडून बदलापूरच्या रस्त्याला लागेपर्यंत तो एकच गोष्ट घोकत होता. काकीला एक शब्द बोलायला लावायचा, थांब. बस्स. वीस वर्षांत परक्या माणसांना इतकं काय काय पटवलं, मग आईला तिच्याच मुलीबद्दलचं खरं पटवणं कितीसं अवघड असणार? आईच ती. तिला खरं माहीत आहेच. पत्ता दिला असेल तो भूपेशच्या धाकाने दिला असेल. अशी त्याने स्वतःची समजूत घातली आणि वाटेत एका सिग्नललाही तो थांबला नाही.

कुळगावात पुतळाबाईचं घर नव्या बिल्डिंगांच्या मधे अडकल्यासारखं उरलं होतं. दार उघडंच होतं. ती खाली बसली होती, पाठ भिंतीला टेकून, मांडीवर फोन. टीव्ही बंद, चूल बंद. फोनमधून नेत्राचा आवाज येत होता. ‘तिच्या मागे फक्त एक भिंत दिसायची...’ हरिचंद्रला पाहून तिने तो बंद केला.

“ये हरी. बस.”

“काकी, भूपेशला फोन लाव. त्याला थांब म्हण. रिद्धी कवळ्यांचा कोर्स करतेय, तुला माहीत आहे ना? तूच पाठवलंस तिला.”

“मीच पाठवली.” पुतळाबाईने मान डोलावली. तिचा आवाज गाऊन गाऊन जाड झालेला, पण आज त्यात जीव नव्हता. “तिनं मना फोटो धाडले होते. प्लास्टरचे दात. मी सगल्या आलीला दाखवायला निघाले होते, मग म्हटलं नको, कोनाला सांगायचं नाय ठरलंय.”

“मग झालं तर! लाव फोन.”

ती हलली नाही. “हरी, ती रोज रातचे नऊ वाजता फोन करते. साडेनऊला ठेवते. झोप आली म्हनते.” ती हरिचंद्रकडे बघत नव्हती. “साडेनऊला कोन जवान पोर झोपतं रे?”

हरिचंद्रला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा तो घाईघाईने तिच्यासमोर खाली बसला.

“काकी, दिवसभर काम करून दमत असेल ती.”

“दमत असंल. मी पन असंच म्हनत होते. मंग तुजं भाषन ऐकलं. पयल्यांदा रागाने ऐकलं, कोन मेला माज्या पोरीचं नाव काढतो म्हनून. दुसऱ्यांदा ऐकलं. काल आठ वेला ऐकलं.” तिने फोनवर हात ठेवला. “तिच्या मागं भिंतच दिसते, हरी. पिवली भिंत. मी कंदी इचारलं नाय ती भिंत कुठली. तुना कसं ठावं?”

“अगं काकी!” हरिचंद्र जवळजवळ ओरडलाच. “सगळ्यांच्याच मागे भिंत असते! फोनवर बोलताना माणूस भिंतीला टेकून बसतो. माझी बायको माहेरी गेली की तिच्या मागेही भिंतच दिसते. म्हणून तर ते लिहिलं मी. सगळ्यांना लागू पडेल असं लिहायचं, म्हणजे प्रत्येकाला वाटतं आपलंच लिहिलंय. धंदा आहे तो माझा. लोकांना घाबरवायचा धंदा!”

हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं. पुतळाबाईने ते शांतपणे ऐकून घेतलं, जसं एखाद्या आजारी माणसाचं बडबडणं ऐकून घेतात.

“तुज्यावर कोनी जोर केलाय का? भूपेशला भिऊ नको. तो तुजं नाव घेत नाय कुठं.”

“मला कुणी काही केलेलं नाही! रिद्धीचा नंबर दे मला. मीच सांगतो तिला, दार उघडू नको म्हणून.”

फोन तिने मांडीवरून उचलला आणि छातीशी धरला. “नको. मंग ती तिथून पन जाईल. तुज्या गोष्टीत तसंच होतं. आई फोन करते, आन पोर त्या रातीच घर बदलते.”

ते वाक्यही त्याचंच होतं. त्याला त्या वाक्याचा शिसारी आल्यासारखा राग आला. त्याने हात जोडले. त्याने एकवीरेची शपथ घेतली, पोराबाळांची घेतली. पुतळाबाई म्हणाली, खऱ्याला शपथा लागत नाहीत. मग त्याने आपला शेवटचा डाव टाकला. त्याने तिला रिद्धीचीच गोष्ट सांगायला घेतली, जशी त्याने कुठलीही गोष्ट लिहिली असती तशी, नाव घेऊन, गाव घेऊन. एका धवलारणीची मुलगी. बाप नाही. फोनवर एक जाहिरात बघते, आईला विचारते, एकटी एस.टी.त बसते, परक्या गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांसाठी दात बनवायला शिकते, म्हणजे ती पुन्हा भाकरी चावून खातील.  चांगली गोष्ट होती हो! आणि खरी होती. आणि सांगतानाच त्याला दिसत होतं की पुतळाबाईच्या डोळ्यांत त्यातलं काही उतरत नाही. ती फक्त वाट बघत होती, यात वाईट केव्हा येणार याची.

बारा वाजून गेले होते. तिच्या हातातला फोन वाजला. तिने तो उचलून स्पीकर लावला आणि समोर धरला, कारण कानाला लावला की तिला नीट ऐकू यायचं नाही. भूपेशचा आवाज खोलीभर झाला.

“काकी, पोचलो. बिल्डिंग सापडली. खाली वॉचमनला विचारलं, पोरगी वरच आहे बोलला. जाऊ वर?”

“काकी, नको म्हण,” हरिचंद्र म्हणाला. “पाया पडतो तुझ्या. थांब म्हण त्याला. मी खोटारडा आहे. सगळं खोटं लिहिलंय मी.”

“कोण आहे तिथे, काकी?” भूपेशने विचारलं.

पुतळाबाईने हरिचंद्रकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. तिचे डोळे रडून सुजले होते, पण नजर मायेची होती.

“खोटं असतं, तर मना एवडं रडू कसं आलं असतं, हरी?” ती म्हणाली.



तिने फोन तोंडाजवळ नेला. “घेऊन ये तिना.”

ती फोन बंद करायला विसरली, आणि भूपेशही. जिन्यावरची पावलं ऐकू आली, तिघांची, एका लयीत नाही, भराभर. कुणीतरी म्हणालं, दोन नंबर, दोन नंबर. मग बेल. मग कडी निघाल्याचा आवाज.

“अगं बाई, भूपेशदादा! तू इथे कसा?” रिद्धीचा आवाज आनंदाने नुसता फुटत होता. “आई पण आलीय का खाली?”

तिघांची पावलं आत गेली. मग दार आतून लागल्याचा आवाज इकडे दोघांनाही स्पष्ट ऐकू आला.